रिफॉर्मर पिलाटेसच्या एका क्लासला ९५० रुपये, कोल्हापुरात हा रेट पटतो का?

रंकाळा_फेरी
मंडळी, सल्ला हवाय आणि थोडी चर्चापण. ताराबाई पार्कात रिफॉर्मर पिलाटेसचा, म्हणजे स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या गाडीच्या मशीनवर करायच्या व्यायामाचा, एक स्टुडिओ निघालाय, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण प्रश्न एका स्टुडिओचा नाही, रेटचा आहे. सुट्टा क्लास १२०० रुपये. आठ क्लासचं पॅकेज ७६०० म्हणजे ९५० ला एक पडतो, चोवीस क्लासचं १९,२०० म्हणजे ८०० ला एक. आठवाले ३० दिवसांत संपवायचे, चोवीसवाले ९० दिवसांत, राहिले ते गेले, पैसे परत नाहीत.

मी बँकेत आहे, दिवसभर खुर्चीत, कंबर आखडलेली असते. रंकाळ्यावर चालायला जाते रोज सकाळी पण चालण्यानं कंबरेचं काही होत नाही. म्हणून डेमो क्लासला गेले आणि खरं सांगते, आवडला. पाच मशीन, आम्ही चौघी, शिकवणाऱ्या ताई एकेकीजवळ येऊन बघत होत्या. माझ्या दोन लाल स्प्रिंगांतली एक काढून त्यांनी निळी लावली, लाल जड असते आणि निळी मध्यम, आणि तेवढ्यानंच माझं पोट थरथरायला लागलं. गाडी पुढं ढकलणं सोपं आहे, ती परत आणताना ठक्क आवाज होऊ द्यायचा नाही, तिथं घाम फुटतो. मग बरगडीवर दोन बोटं ठेवून म्हणाल्या ही खाली सोडा, आणि त्या क्षणी कंबरेवरचा ताण गेलेला कळला. असं मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

पण महिन्याला साडेसात हजार म्हणजे आमच्या घरच्या दूध-भाजीच्या खर्चापेक्षा जास्त होतात हो. जिमला हजार-बाराशेत महिना निघतो. तर हे पैसे नक्की कशाचे आहेत आणि द्यावेत का, कुणी नीट सांगेल का?

पेठेतला_गडी
ताई, रेट लय जास्त हाय, सरळ सांगतो. आपलं गाव म्हणजे तालमीचं गाव. शाहू महाराजांनी १९१२ ला कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं, पेठापेठांत तालमी उभ्या केल्या, त्यामागं इचार हाच होता की गरिबाच्या पोरानंबी अंग कमवावं. मोतीबाग घ्या, गंगावेस घ्या, खेड्यापाड्यातनं पोरं येऊन राहतात, वस्ताद शिकवतात, फी म्हणाल तर नावाला. जोर, बैठका, दोर चढणं, मल्लखांब, ह्यात कंबर-पोट सगळं येतं. इथं व्यायाम कुणी तासावर विकत घेत नव्हतं. आता तासाला ९५० रुपये म्हणजे मजुराच्या दोन दिवसांचा पगार की वो.

तालमीतबी खर्च असतो हे मान्य. फी नसली तरी खुराक असतोय, दूध, बदाम, थंडाई, मटण, आणि पैलवान पोराच्या बापाला इचारा तो खुराक कसा परवडतो ते. पण ते पैसे पोराच्या अंगाला लागतात, एसीला लागत न्हाईत.

नागाळा_पार्क
@पेठेतला_गडी, दादा तुमच्या तालमीबद्दल आदरच आहे, माझे आजोबा आखाड्यात माती घुसळायचे, हळद-ताक-तेल घालून. पण त्याच घरातल्या माझ्या आजीनं, आईनं, मी कुठं व्यायाम करायचा हे सांगा? लाल मातीत आम्हाला जागा नव्हती. आता मुली कुस्ती खेळतायत, फार आनंद आहे, पण त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली. दोन बाळंतपणं झालेली, पोटाचे स्नायू सैल पडलेली चाळिशीची बाई तालमीत जाणार आहे का? जिममध्ये गेले तर ट्रेनर पोरगा बावीसचा, त्याला बाळंतपणानंतरचं पोट म्हणजे काय ते माहीत नाही, लगेच क्रंचेस मारायला लावतो. मी जे पैसे देते ते शिकवणारी बाई आहे, बॅच लहान आहे आणि माझं अंग कुणी टकमका बघत नाही याचे देते. आमच्या शहरात बायकांसाठी ही सोय स्वस्तात कुणी केलीच नाही म्हणून ती महाग मिळते, राग यायचाच असेल तर याचा यावा.

पेठेतला_गडी
व्हय ताई, ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाई. खरं हाय तुमचं. माझी बहीणबी हेच म्हणती.

योगवर्ग_राजारामपुरी
मी गेली बरीच वर्षं योगाचे वर्ग घेते, स्वतःचा छोटा हॉल आहे, त्यामुळे धंद्याच्या बाजूनं सांगते. रेट ऐकून मलाही आधी जास्तच वाटला होता, मग कागदावर मांडून बघितलं. सगळे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, इथली भाडी-पगार बघून धरलेले.

पाच मशीन, दिवसाला पाच बॅच, म्हणजे पंचवीस जागा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ६५० जागा. पण भरतात किती? सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढंच गिऱ्हाईक असतं, दुपारी आपलं सगळं गाव जेवून आडवं होतं. निम्म्या भरल्या तर ३२५. सरासरी ८५० धरले तर पावणेतीन लाख जमा. आता खर्च बघा. ताराबाई पार्कात बऱ्या जागेचं भाडं साठ हजार, दोन शिकवणाऱ्या चाळीस-चाळीस हजार, मशीन आणि फर्निचरला बारा लाखांचं कर्ज तीन वर्षांचं काढलं असेल तर हप्ता चाळीस हजाराच्या आसपास, एसी-लाईट पंधरा, रिसेप्शन-सफाई-जाहिरात तीस. सव्वादोन लाख गेले. उरले पन्नास हजार, तेही गर्दी टिकली तर. पावसाळ्यात पंचगंगा फुगली की पंधरा-वीस दिवस लोक घराबाहेर पडत नाहीत, दिवाळीत, लग्नसराईत सुट्ट्या, भाडं मात्र चालू. म्हणजे लूटमार आहे असं मी म्हणणार नाही.

जिमशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात घ्या. जिमला वर्षाची फी घेतलेले सगळे मेंबर एकाच सकाळी आले तर उभं राहायला जागा मिळणार नाही. बरेचजण लवकरच गळतात आणि त्या न येणाऱ्यांच्या पैशावर येणाऱ्यांना हजार रुपयात जिम मिळते. रिफॉर्मरला हे जमत नाही, जागा पाचच, तुम्ही बुक केली की दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून बारा तास आधी कळवा नाहीतर क्लास गेला असले नियम असतात. नियम जाचक वाटतात पण त्यामागं हे कारण आहे.

मी माझ्या वर्गात पंचवीस जणांना एकदम शिकवते, चटई ज्याची त्यानं आणायची, म्हणून महिना हजारात परवडतं. पण खरं सांगते, पंचवीस जणांत प्रत्येकाच्या बरगडीवर बोट ठेवायला मला जमत नाही.

उद्यमनगर_लेथ
मशीनबद्दल मी बोलतो, आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. अमेरिकन नाहीतर कॅनडाचं ब्रँडेड मशीन भारतात उतरेपर्यंत चार-पाच लाखाच्या घरात जातं, कस्टम आणि वाहतुकीचं भाडं धरून. भारतात बनवलेली दीड-दोन लाखात मिळतात. एका गिऱ्हाईकानं मला विचारलेलं की तुम्ही बनवून द्याल का, म्हणून एक मशीन जवळून बघितलं. चौकट काही अवघड नाही, लाकडाची नाहीतर अॅल्युमिनियमची, आठ फुटाच्या आतबाहेर लांब. गाडीला चाकं, आत बेअरिंग, दोन रेल सरळ आणि समांतर पाहिजेत, ते आपल्याकडं कुठल्याबी चांगल्या शॉपात होईल, ऑइल इंजिनं बनवलेलं गाव आहे हे.

अडचण स्प्रिंगची. बहुतेक मशीनला पाच स्प्रिंगा असतात आणि एकाच रंगाच्या स्प्रिंगा सगळ्या मशीनवर सारख्याच ताणाच्या पाहिजेत, शिवाय लाखो वेळा ताणून थकल्या नाही पाहिजेत. थकलेली स्प्रिंग बाहेरनं बघून कळत नाही. हुकाजवळ बारीक चीर पडते आणि एक दिवस तुटते, आणि ती तुटताना माणूस त्या गाडीवर एका पायावर उभा असतो. म्हणून कंपन्या सांगतात दोन वर्षांनी सगळ्या स्प्रिंगा बदला, मशीन चांगलं दिसत असलं तरी. त्या गिऱ्हाईकाला मी चौकट करून देतो म्हटलं, स्प्रिंग कंपनीचीच आणा.

तर रंकाळा_फेरी ताई, स्टुडिओत गेल्यावर एक प्रश्न विचारा, स्प्रिंगा कधी बदलल्या. तारीख सांगितली तर पैसे कुठं जातात ते कळलं समजा. आणि ऑनलाइन घडीची स्वस्त मशीनं दिसतात ती घरी आणायच्या नादाला लागू नका, स्प्रिंगच्या जागी रबरी दोऱ्या असतात कितीतरींत, ताण कमी-जास्त होतो, रेल हलते.

फिजिओ_शाहूपुरी
कंबरदुखीसाठी येणारे पेशंट रोज हा प्रश्न विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिलाटेसनं कंबरदुखी कमी होते का, तर हो, होते. २०१५ साली कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा, एक आढावा आला, त्यात दिसलं की काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस केलेलं बरं, वेदना कमी होते, हालचाल सुधारते. पण दुसऱ्या चांगल्या व्यायामांपेक्षा पिलाटेस वरचढ आहे असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. म्हणजे रिफॉर्मर परवडत नाही म्हणून आपण काहीतरी मोठं गमावतोय असं अजिबात मनात आणू नका. नियमितपणा जास्त महत्त्वाचा.

मशीनचा खरा फायदा कुणाला? ज्याला जमिनीवर आडवं पडून व्यायाम जमत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वजन जास्त आहे, तोल जातो, अशांना स्प्रिंग आधार देते. शिकाऊ माणसाला आपलं अंग नक्की कुठं वाकडं जातंय ते स्प्रिंगमुळे लगेच कळतं, तेही खरं. पण जोसेफ पिलाटेसनं १९४५ च्या पुस्तकात दिलेले ३४ व्यायाम सगळे चटईवरचे आहेत, मशीन नाही. माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन महिने रिफॉर्मर करा, अंगाला शिस्त लागली की चटईवर या, आणि मग महिन्यातून एखादा सुट्टा क्लास तपासणीसाठी.

अजून एक. रिफॉर्मर केलं म्हणून चालणं सोडू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रिफॉर्मर हा त्या दोन दिवसांतला आहे. १५० मिनिटं रंकाळ्यावर फुकट होतात. आणि पायात मुंग्या येत असतील, खोकताना कंबरेतनं पायात कळ जात असेल तर कुठल्याच क्लासला जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

कागलची_पुण्यात
मी सध्या बाणेरला असते. इथं रिफॉर्मरला हजाराच्या वर सहज जातं, मुंबईत बांद्र्याला दीड-दोन हजार, न्यूयॉर्कला बहीण आहे ती एका क्लासला ३५-४० डॉलर देते. म्हणजे जगात सगळीकडेच महाग आहे. पण कोल्हापूरचा पगार बाणेरचा नाही आणि भाडंही बाणेरचं नाही, मग रेट बाणेरच्या इतका जवळ का, हे मला खटकतं.

दुसरं म्हणजे बोर्डावर पिलाटेस लिहिलंय यानं हुरळून जाऊ नका. हा जोसेफ पिलाटेस जर्मनीत १८८३ ला जन्मलेला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला नजरकैदेत ठेवलं, तिथं तो इतर कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. मग न्यूयॉर्कला जाऊन स्टुडिओ काढला, १९६७ ला वारला. पुढं त्या नावाच्या हक्कावरून भांडण झालं आणि २००० साली अमेरिकेच्या कोर्टानं सांगितलं की पिलाटेस हे व्यायामप्रकाराचं नाव आहे, कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही. व्यायाम सगळ्यांना खुला झाला हे फार चांगलं झालं, पण त्याचमुळं शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेलाही बोर्ड लावतो आणि साडेचारशे-पाचशे तासांचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेलाही लावतो. दोघांचा रेट सारखाच! म्हणून विचारा, किती तासांचं ट्रेनिंग, कुठं केलं, मशीनचं की फक्त चटईचं. चांगली शिकवणारी न रागावता सांगते.

सानेगुरुजी_वसाहत
रेटवर एवढी चर्चा झाली पण मला वाटतं खरा त्रास वेगळा आहे. मी एका स्टुडिओत, कुठल्या ते सांगत नाही, मोठं पॅकेज घेतलं होतं. थोडे क्लास झाले आणि घरात जिन्यावरनं पाय घसरून घोटा मुरगळला, डॉक्टरनी दीड महिना आराम सांगितला. सर्टिफिकेट घेऊन गेले, पॅकेज फ्रीज करा, म्हणजे तेवढे दिवस मुदत थांबवा, म्हटलं. उत्तर काय, तर पॉलिसीत नाही. दुसऱ्या कुणाला ट्रान्सफर करा, जावेला पाठवते म्हटलं. तेही नाही. निम्म्यापेक्षा जास्त पैसे बुडाले आणि ज्या बाईनं मला इतकं छान शिकवलं तिच्याकडं आता जावंसं वाटत नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

९५० रुपये क्लासचे असतील तर क्लासचे घ्या. मी न केलेल्या क्लासचे कसले? आपल्या बायकांचं महिन्याचं गणित बघा, पाळीचे दिवस, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचा दवाखाना, एखादं लग्न, आठवड्याला दोन क्लास ठरवून ३० दिवसांत आठ होतच नाहीत. सहा होतात. मग तो क्लास ९५० ला नाही पडत, बाराशे साठ-सत्तरला पडतो, सुट्ट्यापेक्षाही महाग. पॅकेज घेताना हा भागाकार करा.

नागाळा_पार्क
अगदी अगदी. मुदत हाच खरा खर्च आहे.

हिशेबनीस_दाभोळकर_कॉर्नर
सीए आहे, दोन-तीन मुद्दे.

जीएसटी. जिम, योग, फिटनेस सेंटर यांच्यावर आधी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय. कुणी अजून १८ लावत असेल तर बिल मागा. मात्र ५ टक्के करताना इनपुट क्रेडिट काढून घेतलंय, म्हणजे स्टुडिओनं मशीनवर, भाड्यावर भरलेला जीएसटी त्याला वळता करता येत नाही, त्यामुळे काहींनी मूळ रेट थोडा वाढवलाय, हे त्यांच्या बाजूनं समजण्यासारखं आहे. आणि ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत आहे त्याला सेवेसाठी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी गोळाही करता येत नाही. बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा.

सानेगुरुजी_वसाहत ताई, पैसे परत नाहीत असं पावतीवर छापलं म्हणजे विषय संपला असं नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीविरुद्ध आणि अनुचित व्यापार प्रथेविरुद्ध दाद मागता येते. आधी लेखी पत्र द्या, सर्टिफिकेटची प्रत जोडा, पोच घ्या. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, बऱ्याचदा तिथंच तडजोड होते. नाहीच झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. निकाल तुमच्याच बाजूनं लागेल असं मी म्हणत नाही, पण पत्र गेलं की समोरचा बोलायला तरी तयार होतो.

सानेगुरुजी_वसाहत
खूप आभार दादा, १९१५ माहीत नव्हतं. या आठवड्यात पत्र देते.

रंकाळा_फेरी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी जाऊन बोलले. स्प्रिंगांची तारीख विचारली, ताईंनी वही काढून दाखवली, गेल्या वर्षी बदलल्यात. ट्रेनिंग मशीन आणि चटई दोन्हीचं, सर्टिफिकेट भिंतीवरच होतं. मग मुदतीचं बोलले. म्हटलं रेट कमी करू नका, मुदत वाढवा. आठ क्लासला ३० ऐवजी ६० दिवस, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तर फ्रीज, हे दोन्ही पावतीवर लिहून द्या. जरा विचार करून हो म्हणाल्या, चोवीसवाल्या पॅकेजला मात्र नाही म्हणाल्या. मी आठचंच घेतलं. १९,२०० एकदम द्यायचे नाहीत हे माझं ठरलंय.

योगवर्ग ताई, तुमचं दुपारचं वाचून तेही विचारलं. अडीच ते साडेचार मशीन रिकामीच असतात. चौघी मिळून ठरलेल्या वारी आलो तर ६०० ला क्लास देते म्हणाल्या. मला बँकेमुळे जमणार नाही पण ज्यांना दुपारी मोकळीक आहे त्यांनी जरूर विचारा.

नागाळा_पार्क
६०० ला मी येते. मुलं साडेचारला शाळेतनं येतात, अडीचची बॅच मला एकदम सोयीची. मंगळवार-शुक्रवार कसं वाटतं?

योगवर्ग_राजारामपुरी
माझा सकाळचा वर्ग अकराला संपतो, मलाही शिकायचंय ते मशीन. मी दुसरी. मंगळवार चालेल, शुक्रवारी महालक्ष्मीला जाते, गुरुवार करूया का?

पेठेतला_गडी
माझ्या बहिणीला इचारलं, ती तिसरी. गुरुवार चालतोय म्हणती. पर तिचा गुडघा दुखतोय वर्षभर, आधी दाखवाय पायजे का?

फिजिओ_शाहूपुरी
हो, आधी गुडघा तपासून घ्या. सूज आहे का, जिना उतरताना दुखतं की चढताना, एवढं तिला लक्ष ठेवायला सांगा. काही विशेष नसेल तर रिफॉर्मर तिला चालेल, फक्त शिकवणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी सांगायचं म्हणजे त्या स्प्रिंग आणि फूटबार, म्हणजे पाय टेकायची दांडी, त्याप्रमाणे लावतील.

नागाळा_पार्क
झालं मग, तिघी झालो, अजून एक हवी. मंगळवार-गुरुवार अडीच. फुलेवाडी, कळंबा, रुईकर कॉलनी, कुठूनही चालेल, मेसेज करा. आणि मुदत-फ्रीजचं पावतीवर लिहून घेतल्याशिवाय कुणीच पैसे भरायचे नाहीत हं.